बिनखिडकीची खोली

विनिफ्रेड हॉलिन्स बाथरूमच्या फरशीवर बसून जहाजावरच्या सगळ्यात भारी केबिनला शिव्या घालत होती. तसं केबिनमध्ये काही कमी नव्हतं. बाल्कनी होती, बाल्कनीत दोन खुर्च्या होत्या, पलंगावर कोणीतरी टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता. फक्त ती जहाजाच्या अगदी वर आणि अगदी पुढच्या टोकाला होती, आणि बिस्केचा उपसागर आज खवळला होता. जहाजाचं नाक वर जायचं, धाडकन खाली यायचं, आणि विनिफ्रेडचं पोट त्याच्या मागोमाग.

ही केबिन तिने निवडलेली नव्हती. निवडली होती तिच्या मुलीने, लॉरेनने. ट्रॅव्हल एजंटच्या टेबलाशी मायलेकींची चांगलीच जुंपली होती. विनिफ्रेडला आतली, बिनखिडकीची खोली चालली असती. झोपायलाच तर जायचं तिथे.

"खिडकीशिवाय? गुदमरशील तू!" लॉरेन म्हणाली होती. "जायचंच आहे तर नीट जा. हिला सगळ्यात वरची द्या हो."

पैसे लॉरेन भरत होती, तेव्हा एजंटने कोणाचं ऐकलं हे वेगळं सांगायला नको. पहिल्यांदा क्रूझला निघालेली माणसं हमखास हीच चूक करतात. हॉटेलात वरचा मजला मानाचा, म्हणजे जहाजावरही तसंच असणार, असं धरून चालतात. समुद्राला मानापानाशी काय करायचंय!

पण खरं भांडण खिडकीचं नव्हतंच. ते होतं विनिफ्रेडच्या बर्स्लेम गावातल्या घराचं. लॉरेनने स्वतःच्या घरामागे आईसाठी दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या, आणि आईने घर विकून तिथे राहायला यावं असा तिने कधीपासून धोशा लावला होता. "तुला आता एकटीला झेपत नाही, आई." हे वाक्य ऐकून ऐकून विनिफ्रेडचे कान किटले. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहत होती आणि तिला ते मस्त झेपत होतं. शेवटी तिने पैज लावली. एकटीने क्रूझ करून येईन. पूर्ण करून आले तर घराचं नाव पुन्हा काढायचं नाही. अर्ध्यातून परत यावं लागलं, तर खुशाल दारात विक्रीची पाटी लाव. लॉरेन एका पायावर तयार झाली. निकाल काय लागणार याची तिला खात्रीच होती.

केबिनमधला फोन वाजला. मोबाइल विनिफ्रेडने बंद करून पेटीत टाकला होता, कारण समुद्रावरून मोबाइल लावला की बिल गगनाला भिडतं असं तिच्या मैत्रिणींनी तिला बजावलं होतं. ती रांगत जाऊन पलंगाशी पोचली.

"आई, आवाज असा का येतोय तुझा?"

"कसा?"

"मेल्यासारखा. बातम्यांत वादळ दाखवतायत. उलट्या होतायत ना?"

"छे! मी निघालेच होते. नाचाच्या क्लासला."

"नाचाच्या? तू?"

"हो, मी. चा-चा-चा."

"हे बघ, लिस्बनहून मी विमान बघून ठेवलंय. लाजू नकोस. कोणी हसणार नाही तुला."

"मला उशीर होतोय," असं म्हणून विनिफ्रेडने फोन ठेवला.

आता आली पंचाईत. ती कट्टर मेथडिस्ट ख्रिस्ती घरातली. खोटं बोललं की तिला घास उतरत नसे. आज तो तसाही उतरत नव्हता, पण तत्त्व ते तत्त्व. बोललेलं खरं करून टाकणं एवढाच मार्ग उरला. तिने तोंडावर पाणी मारलं, लिपस्टिक लावली, थोडी वाकडी लागली ती तशीच राहू दिली, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागली.

गंमत म्हणजे एकेक मजला उतरावा तसं पोट निवळत गेलं. जहाजाच्या मध्यावरच्या नाचघरात पोचेपर्यंत तिला चक्क भूक लागली होती. क्लासला बायकाच बायका, पुरुष औषधालासुद्धा नाही म्हणावे इतके कमी. जोडीला तिच्या वाट्याला आली सिंथिया ब्रॅमॉल. जहाजावर रोज रात्री त्याच टेबलावर त्याच अनोळखी माणसांबरोबर जेवायचं असतं, आणि सिंथिया होती विनिफ्रेडच्या टेबलावरची. पहिल्याच रात्री सूप येईपर्यंत तिने आपल्या सगळ्या क्रूझ नावानिशी सांगून टाकल्या होत्या. ही बाई आपल्याला आवडणार नाही, असं विनिफ्रेडने तेव्हाच ठरवलं होतं.

"काल जेवायला नव्हतीस ती?" सिंथिया नाचता नाचता म्हणाली. "केबिन कुठेय तुझी?"

"सगळ्यात वर. पुढे."

सिंथियाचं पाऊलच चुकलं. "अरे देवा! कोणी दिली?"

"मुलीने."

"काय वाकडं केलंयस तू तिचं?"

विनिफ्रेडला हसू फुटलं. ही बाई तिला आवडायला लागली होती, पण तसं तिने चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"अगं, सी-सॉच्या टोकावर बसलीयस तू," सिंथिया म्हणाली. "मध्ये ये, खाली ये. आणि डोक्यावर काय आहे ते बघून घे. वर स्वयंपाकघर नको, नाचघर नको. वरखाली झोपायच्याच खोल्या असल्या की बिनघोर झोप. खिडकी हवीय कशाला? समुद्र बघायला अख्खं डेक पडलंय."

विनिफ्रेड तिथून तडक रिसेप्शनवर गेली. जहाज भरलेलं होतं. खालच्या मजल्यावर, मधोमध, एकच आतली खोली रिकामी होती. घेणारा आलाच नव्हता.

"पण मॅडम, बाल्कनी सोडून? बदल्यात काही परत मिळणार नाही," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"पोट परत मिळेल," विनिफ्रेड म्हणाली. "किल्ली द्या."

खोली कपाटापेक्षा थोडीच मोठी. पण टीव्हीवर एक चॅनेल जहाजासमोरचा समुद्र दाखवत होतं. तेवढी खिडकी विनिफ्रेडला पुष्कळ झाली. ती गाढ झोपली. लॉरेनला मात्र तिने काही कळवलं नाही. केबिन बदलली म्हणजे तू हरलीसच, असं ती म्हणाली असती आणि वर त्याच्यावर भाषण दिलं असतं.

लिस्बनला उतरून विनिफ्रेडने अंड्याच्या कस्टर्डचे दोन गोड टार्ट खाल्ले, विमानतळाकडे जाणाऱ्या टॅक्सीवाल्याला मान हलवून नकार दिला आणि वेळेच्या कितीतरी आधी जहाजावर येऊन बसली. मग मात्र तिने काही सोडलं नाही. गालिच्यावर चेंडू घरंगळवायच्या खेळात दोघांना हरवलं. चित्रकलेच्या वर्गातून ती उठून आली, कारण जन्मभर कारखान्यात चिनी मातीच्या कपांवर गुलाब रंगवून तिचा जीव विटला होता. चा-चा-चा तर तिला जमायलाच लागला.

जहाज परतीला लागलं होतं. प्रश्नमंजूषेत ती आणि सिंथिया एका उत्तरावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या, तेवढ्यात पांढऱ्या गणवेशातला अधिकारी धावत आला.

"मिसेस हॉलिन्स? तुम्ही ठीक आहात ना? तुमच्या मुलीचा फोन आहे. तुम्ही समुद्रात पडलात असं त्या म्हणतायत."

सगळं दालन वळून बघायला लागलं. विनिफ्रेडच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने रिसेप्शनवर जाऊन काउंटरवरचा फोन उचलला.

"लॉरेन, डोकं फिरलंय का तुझं?"

"आई? आई, तू आहेस?" पलीकडे हुंदके फुटले. "तुझ्या केबिनमध्ये कोणी म्हातारा बोलला. म्हणाला, इथे कोणी विनिफ्रेड नाही. मोबाइल बंद. मला वाटलं, गेलीस तू."

"केबिन बदलली मी. खालची घेतली. वरची त्यांनी दुसऱ्या कोणाला दिली असेल. सांगायला हवं होतं, चुकलं माझं."

"लिस्बनहून ये म्हणत होते ना मी! झेपत नाही तुला, कितीदा सांगू?"

"मला सगळं झेपतंय. तुझं काय? तू अशी का रडतेयस?"

लॉरेनने नाक ओढलं. मग लॉरेन हळूच म्हणाली, "कीथ मला सोडून गेल्यापासून घरात कसलाच आवाज नसतो गं. मी संध्याकाळी वॉशिंग मशीन लावते. रिकामंच."

दोन खोल्या कोणासाठी बांधल्या होत्या ते तिला आत्ता कळलं. आपल्याच पोरीचा तिला एकदम कळवळा आला, आणि इतके दिवस हे आपल्या ध्यानात आलं नाही म्हणून स्वतःचा रागही आला. पण घर ती तरीही देणार नव्हती.

"ऐक," ती म्हणाली. "मी तुझ्या मागच्या खोल्यांत येणार नाही. आज नाही, कधीच नाही. पैज मी जिंकणार. पण लॉरेन, भीती वाटली की मला भीती वाटते म्हणायचं असतं. दुसऱ्याचं घर विकायला काढायचं नसतं."

काउंटरवरची मुलगी दुसरीकडे बघत उभी होती.

"मला भीती वाटते, आई," लॉरेन म्हणाली.

"हं," विनिफ्रेड म्हणाली. "आता बोललीस. शुक्रवारी बोट लागली की माझ्याबरोबर बर्स्लेमला चल. हवी तितकी राहा."