गरिबीच्या शूटिंगसाठी बाहेर काढलेला फ्रिज

मी एका दाराचा, लाल रंगाचा जुना फ्रिज आहे. भिवंडीत हसनभाईंच्या घरी राहतो. मित्रांनो, म्हातारे फ्रिज घरघरतातच, पण माझी आजची घरघर रागाची आहे.

हसनभाईंनी कापड विणायचे स्वतःचे चार लूम घातले, त्या वर्षी त्यांनी मला टेम्पोतून घरी आणलं. त्यांच्या बायकोने, जमिलाभाभींनी, माझ्या माथ्यावर क्रोशाचा रुमाल घातला. रमजानात निम्मी गल्ली माझ्याकडून बर्फ नेत असे. शेजारच्या राहीबाईंकडे फ्रिज नव्हता. त्यांना साखरेचा आजार जडला, तेव्हापासून त्यांचं इन्सुलिनही माझ्याच दारात राहू लागलं. कुणी कौतुक केलं नाही तरी मला माझी किंमत ठाऊक होती.

हसनभाईंची मुलगी रमशा सुंदर गाते. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तिची निवड झाली आणि तिचं घर दाखवायला चॅनेलची माणसं आली. त्यांचा म्होरक्या भाविक. त्याने खोली पाहिली, मला पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. घर हवं तेवढं गरीब दिसत नाही, म्हणाला. त्याच्या माणसांनी माझी वायर उपसली आणि मला गल्लीत उन्हात नेऊन उभं केलं. हसनभाईंचा इस्त्रीचा शर्ट उतरवून त्यांना फाटकी बनियन घालायला लावली आणि स्वतःच्याच लूमवर मजूर म्हणून उभं केलं. त्यांना रडू येईना, तर डोळ्यांत कसलेसे थेंब घातले. आमच्या घराने कधी बर्फ पाहिला नाही, असं वाक्य रमशाकडून पाठ करून घेतलं. गाण्याची संधी हातची जाईल या भीतीने ती ते बोलली.

राहीबाई राहनाळच्या गोदामातल्या कामावरून परतल्या, तर मी गल्लीत तापत उभा.

"माझं इंजेक्शन त्यात हाय," त्या म्हणाल्या.

भाविकने त्यांना कॅमेऱ्याच्या मागे थांबायला सांगितलं. शूटिंग संपलं तोवर औषध गरम झालं होतं. केमिस्टने ते टोचू नका म्हणून बजावलं. हसनभाईंनी धावत जाऊन दुसरं आणलं. जमिलाभाभी ते घेऊन राहीबाईंच्या दारात गेल्या, पण त्यांना मान वर करवेना.

कार्यक्रम लागला तेव्हा मी पुन्हा माझ्या कोपऱ्यात होतो. पडद्यावर सारंगी विव्हळली, परीक्षकांनी रुमाल काढले, आणि त्यांचे डोळे सुकायच्या आत जाहिराती सुरू झाल्या. एक क्रीम मुलींना गोरं करून नोकरी लावत होतं. एक फ्रिज मोडलेलं कुटुंब जोडत होता. तोच दोन दारांचा फ्रिज मग रमशाच्या घराला भेट म्हणून जाहीर झाला. टाळ्यांचा नुसता पाऊस. पुढच्याच आठवड्यात रमशाला स्पर्धेतून काढलं. रडून झालं होतं, आता तिचं गाणं कुणाला हवं होतं?

तरी फ्रिज आला. सोबत भाविक आणि फोटोवाला. फोटोत दोन फ्रिज दिसायला नकोत, म्हणून भाविकने मला परत बाहेर काढायला सांगितलं. जमिलाभाभी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"हा हलणार नाही. तो नवा राहीबाईंना द्या. त्यांच्याकडे खरंच नाही."

"त्या आमच्या स्टोरीत नाहीत," भाविक म्हणाला.

रमशाने दार सताड उघडलं. ती म्हणाली, "मग तुमची स्टोरी टेम्पोत घाला आणि घेऊन जा."

नेली त्यांनी. पण जाहिरात अडली नाही. हसनभाईंचे तेच थेंबांचे अश्रू आणि वर एक गोड आवाज, की आता रमशाच्या घरीही थंडावा आला. गल्लीत काहीजण कुजबुजले, हसनने नवा फ्रिज विकून खाल्ला. हसनभाई मशिदीत मागच्या रांगेत उभे राहू लागले. राहीबाई मात्र दारोदार जाऊन खरं काय ते सांगत राहिल्या. काहींनी त्यांचं ऐकलं, काहींनी टीव्हीचं.

मित्रांनो, माझ्या दाराचं रबर सैल झालं आहे. ते बदललं तर मी अजून बरीच वर्षं चालेन. घरातल्या जुन्या वस्तूंना तेवढं पुरतं. आणि उद्या तुमच्या घरी कॅमेरा आला, तुमच्या कष्टाची वस्तू लपवा म्हणाला, तर वस्तू जागेवर राहू द्या आणि कॅमेऱ्याला गल्लीत नेऊन उभं करा.