उघाडीचा नियम

माझी लेक कल्पिता शहराच्या नगरपालिकेत पावसाच्या पाण्याच्या खात्यात हाय. शहराचे आणि आमच्या गावाचे नियम शेजारी-शेजारी मांडून तिने तक्ता केला, आणि वर मलाच दाखवायला आणला. शहराचा रकाना गच्च भरलेला. गावाच्या रकान्यात एकच ओळ : लेखी नियम नाही.

"न्हाय कसा?" माझं डोकंच सणकलं. "वीस वर्षं मी उघाडी सांभाळते ती काय गंमत म्हणून?"

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या काढायच्या, शहराचं न् शेतांचं पाणी खाडीत जातं. भरतीला लावायच्या, न्हायतर दर्या आत. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. आता हे कोण कागदावर लिहीत बसणार?

"आये, लिहिलेलं नसेल तर शहराचाच नियम लागणार," ती म्हणाली. तासाला पन्नास मिलिमीटर पाऊस झाला की सगळी दारं उघडायची, असा तो नियम.

आषाढातल्या अवसेला पाऊस असा काही लागला की विचारू नका. रात्री अकराला तिचा फोन.

"फळ्या काढ. साहेबांचा हुकूम हाय."

"भरती चढतेय. आता काढल्या तर दर्या आत येईल."

ती रडायलाच लागली. "आये, घरात पाणी शिरलंय गं. बाळाला पलंगावर ठेवलंय. काढ ना!"

मी न्हाय म्हटलं. पोटच्या पोरीला न्हाय म्हटलं आणि बांधावर बसून ढसाढसा रडले. पावसाला शिव्या घातल्या, नगरपालिकेला घातल्या, स्वतःलाही घातल्या. अडीचला खाडी उतरली, तेव्हा फळ्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी कल्पिता बाळाला घेऊन आली. पाणी पलंगाला टेकून थांबलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाचं दार मात्र नियमाने उघडलं, तिथे दर्या घुसला आणि लोक रात्रभर माळ्यावर बसले.

तिने बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि तक्ता काढला. "सांग, लिहिते."

मी सगळं सांगितलं.

"तू घाबरली न्हायस?"

"घाबरले न्हाय कशी, बये? दोनदा फळीला हात घातला. एक अर्धी वर आली होती, ती परत दाबली. हे नको लिहूस."

तिने डोळे पुसले आणि गावाच्या रकान्यात शेवटची ओळ लिहिली : भरतीच्या वेळी उघाडीवर एकट्या माणसाला ठेवू नये.