भट्टीवाल्याची पोर

“हाई कसानं सोंग शे?” गोकुळतात्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं आणि हातातला पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

फोटोत माझे बाबा होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, छातीवर अंगावर पडलेली किरणं मोजणारा बॅज. आईने मोठ्या हौसेने फ्रेम करून बैठकीत लावलेला. मध्यस्थाने मुलाकडच्यांना ‘मुलीचा बाप लाईटवाल्यांकडे कामाला’ एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. पण कुठली लाईट, ते आता फोटोने सांगितलं.

“गुजरातमा अणुभट्टी शे, तठे फिटर शे मी,” बाबा म्हणाले. दर शनिवारी ते तिकडून गाडीने नंदुरबारला येतात.

मला बघायला आलेला नवनीत, तात्यांचा पुतण्या, पोह्यांच्या बशीत तोंड घालून बसला. शेंगदाणे मोजत असावा.

समजावून सांगितलं की माणसं समजतात, असं बाबांना वाटतं. बिचारे! “तात्या, चूलच शे ती. लाकूडना जागावर युरेनियम. त्याना अणू फुटस, पानी तापस, वाफ व्हस, वाफवर चाक फिरस. मंग लाईट. धूर नही, कोयसा नही.”

“आनि राख?” तात्या म्हणाले. “तुमनी चूलनी राख हजारो वरीस जहर ऱ्हास म्हंतस. ती कोन संभाळी?”

“आते संभाळतस तठला लोके,” बाबा अडखळले. “पन हजार वरीसनं मी कसं सांगू?”

याच राखेवरून मी स्वतः बाबांशी कितीदा भांडले आहे. ती भट्टी मला कधीच आवडली नाही. पण घरातलं भांडण वेगळं, आणि आमच्याच बैठकीत बसून माझ्या बापाची इज्जत काढणं वेगळं.

“पोरनी तपासनी करनी पडी,” तात्यांचं चालूच. “बापना आंगवर जे ऱ्हास, ते पोरना पोटमा उतरस. आमले वंस चालाडना शे.”

माझं डोकंच फिरलं. “तात्या, तुमना मिरचीना कोल्ड स्टोरेजनी लाईट तपासीसन लेतस का? लाईट चालस, लाईटवाला चालत नही!”

“पोरनी जीभ बी देखाई गयी,” म्हणत तात्या उठले. पाठोपाठ सगळे. पाण्याला कुणी तोंड लावलं नाही. आमच्याकडे याचा अर्थ एकच, सोयरीक मोडली. चपला घालताना नवनीतने एकदा मागे वळून पाहिलं. घाला ते बघणं चुलीत!

आई त्या मेल्यांच्या नावाने बोटं मोडत ग्लास मोरीत ओतायला निघाली. बाबांनी ते तिच्या हातून घेतले आणि एकेक करून सगळे पिऊन टाकले. “आपलं बोअरनं पानी शे वं,” एवढंच म्हणाले.

“बाबा, तुमना बॅज तपासतस ना?” मी विचारलं.

“तपासतस. कायम कमीच निंघस,” ते म्हणाले. मग कितीतरी वेळ फोटोकडे बघत बसले.

कामावर निघताना बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवतात. मी लहान असल्यापासून. आदल्या रात्री कितीही भांडण झालेलं असो. त्या सोमवारीही मी दारात डोकं वाकवून उभी राहिले. त्यांनी हात उचलला, तळव्याकडे पाहिलं, आणि खिशात घातला.

“निंघस बेटा. गाडी चुकी जाई.”

मी तशीच डोकं वाकवून उभी राहिले.