सोपटाची गाठ

"अंगठा आत, दोन्या ओतिलिया, आत! असा बाहेर ठेवलात तर तुम्ही दूध नाही, अख्खी गाय मागताय."

वर्गात हशा पिकला. मानानं 'दोन्या' म्हटलेली ओतिलियाही हसली, पण कान तापले. अठ्ठावन्नाव्या वर्षी बाकावर बसून चूक काढून घ्यायची सवय कुणाला असते?

वर्ग म्हणजे कर्णबधिरांच्या संस्थेची एक खोली. मसाया गावच्या बाजारामागे, बर्फाचा कारखाना होता तिथून दोन गल्ल्या तळ्याच्या अंगाला. कारखाना पडून वीस वर्षं झाली, पत्ता अजून तोच. शिकणारी माणसं चार: दोन तरुण आया, रेनेरिओ नावाचा एक पोट सुटलेला गॅरेजवाला, आणि ओतिलिया. चौघांच्याही घरात एकेक न ऐकणारं लेकरू. शिकवणारी मायेला स्वतः ऐकायची, बोलायची. पण तिचे आईबाप दोघंही बहिरे, त्यामुळे हातांची भाषा ती पाळण्यातच शिकली होती.

ओतिलियानं पुन्हा मूठ वळली. चाळीस वर्षं मक्याचं पीठ मळून बोटांची पेरं सुजली होती. हेच हात डोळे मिटून तासाला चाळीस नाकातमाल बांधायचे: केळीचं पान, त्यावर पीठ, डुकराच्या मांसाचा तुकडा, बटाट्याची चकती, पुदिन्याचं पान, घडी, दोर, गाठ. संपलं. दर शनिवारी दारावर लाल दिवा टांगला की अर्धी गल्ली भांडी घेऊन हजर. त्या हातांना इथे साधी मूठ वळता येत नव्हती.

एक गोष्ट मात्र तिला पहिल्या झटक्यात जमली. मायेलानं 'कुठे?' विचारलं आणि उत्तरादाखल ओठांचा चंबू करून दाराकडे वळवला.

"हे काय शिकवताय बाई," रेनेरिओ म्हणाला, "हे तर आम्ही आईच्या पोटातून शिकून येतो."

खरंच होतं ते. बस कुठे, मीठ कुठे, नवरा कुठे उलथला, या गावात सगळं ओठांनीच दाखवतात.

"आता दुधाची ती मूठ हलवायची," मायेला म्हणाली. "मूठ उघडायची, मिटायची, उघडायची, मिटायची. जशी गाय पिळतो तशी. दूध."

ओतिलियाचा हात हवेतच थांबला.

ही मूठ तिनं पाहिली होती. तिच्या नातीची, नऊ महिन्यांच्या आर्लेनची. ओतिलियाची न ऐकणारी लेक योकास्ता एक शनिवार आड तिला घेऊन यायची आणि झोळीत ठेवून कामाला लागायची. झोळीतून ती एवढीशी मूठ बाहेर यायची. उघड, मीट, उघड, मीट. आणि ओतिलिया कौतुकानं हात हलवून म्हणायची, "टाटा करतेय गं माझी बाय! टाटा! टाटा!" मग पोर रडायला लागली की म्हणायची, "आजीला सोडून जायचं नाही तिला."

पोर दूध मागत होती. आर्लेनला सगळं ऐकू यायचं, तरी आईची भाषा तिनं आपसूक उचलली होती. आजी मात्र दोन महिने टाटा करत राहिली.

"काय झालं, दोन्या?"

"काही नाही. चालू दे तुझं."

तासाच्या शेवटी मायेलानं फळा पुसला. "आज नावं. मुलाचं नाव सांगा."

"योकास्ता," ओतिलिया म्हणाली.

"ते कागदावरचं झालं हो. हातातलं?"

ओतिलियाला कळेना.

"मुलं एकमेकांना हाका कशा मारतील? प्रत्येकाला हातातलं नाव असतं. शाळेत पहिल्या दिवशी जे डोळ्यांत भरेल, त्यावरून ठेवतात. तीळ, चट्टा, दातातली फट. एकदा पडलं की जन्मभर तेच."

"माझ्या पोराचं आहे मोठे कान," रेनेरिओ म्हणाला. "आणि माझं ठेवलंय त्यांनी." त्यानं दोन्ही हातांनी हवेत पोटाचा घुमट काढला. "दोष कुणाला देणार? समोर दिसतंय ना!"

सगळे हसले. मायेला हसत हसत ओतिलियाकडे वळली. "योकास्ताला तर इथे सगळे ओळखतात. तिचं नाव हे." तिनं उजव्या हाताचं बोट डाव्या मनगटाभोवती एकदा फिरवलं. पूर्ण गोल.

"याचा अर्थ काय?"

"कुणास ठाऊक. लहानपणी कडंबिडं घालत असेल."

ओतिलियाच्या लेकीनं लहानपणी कडं कधीच घातलं नव्हतं.

*

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि पर्सच्या आडोशानं तिनं बोट मनगटाभोवती फिरवलं. सत्तावीस वर्षं ती लेकीला ज्या नावानं हाक मारत आली, ते नाव लेकीनं कळत्या वयात एकदाही ऐकलं नव्हतं. आणि जे नाव लेक रोज पाहत होती, ते आईला आज कळलं.

तापात पोरीचे कान गेले तेव्हा ती दीड वर्षाची होती. नवरा कोस्टा रिकाला ऊस तोडायला गेला तो तिकडचाच झाला. पोरगी पाच वर्षांची झाली तेव्हा कुणीतरी एका शहाण्या बाईंकडे पाठवलं. त्या बाईंनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "हातवारे करू देऊ नका. हातांना चटक लागली की जीभ आळशी होते. मग ही कधीच बोलणार नाही."

शिकलेली बाई. ओतिलिया तिसरीपर्यंत गेलेली. तिनं ऐकलं.

नाकातमाल बांधायचं केळीच्या खोडाचं दोरासारखं सोपट टबात भिजत पडलेलंच असायचं. ती जेवणाच्या टेबलाशी पोरीला बसवायची, दोन्ही मनगटं सोपटानं बांधायची आणि समोर पाण्याचा पेला ठेवायची. "म्हण. पाणी. पा-णी. माझ्या ओठांकडे बघ." पोरगी बघायची. बघून बघून डोळे मोठे करायची. शेवटी घशातून काहीतरी निघायचं: आ. मग गाठ सुटायची, पेला मिळायचा, पापाही मिळायचा. एक अख्खा पावसाळा असा गेला. ओतिलियाला वाटायचं, आज आ आलाय, उद्या पा येईल.

एका शनिवारी पोरीला असंच बसवलं आणि दारात गिऱ्हाईक आलं. त्यामागे दुसरं. मग लग्नघरची तीस नाकातमालची मागणी, मग शेजारच्या चेपिताच्या गप्पा. परत आत आली तेव्हा पोरगी तशीच बसलेली. पेला समोर. खोलीत कुणी नाही, तरी ती रिकाम्या दाराकडे बघून म्हणत होती: आ. आ. आ.

भिजवून बांधलेलं सोपट वाळलं की सुटत नाही, रुततं. ओतिलियानं ते कात्रीनं कापलं. पुन्हा कधी बांधलं नाही. सोमवारी पोरीला मानाग्वाच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. गणवेशाच्या बाहीखाली मनगटावर लाल वळ होता. दोन दिवसांत जाईल, असं तिला वाटलं होतं.

वळ गेला. नाव राहिलं.

*

"म्हातारपणी काय हे हात हलवायचं खूळ?" शुक्रवारी कुंपणावरून चेपितानं विचारलं. "पोरीशी इतकी वर्षं बोलत नव्हतीस का?"

बोलत होती की. घरात पंचवीसेक खुणा होत्या. जेव, ये, पुरे, पैसे, ताप, पाऊस. त्यांवर दोघींचा संसार झाला. पण त्या खुणांत 'का' नव्हतं. आणि 'काल' नव्हतं. जे होऊन गेलं त्याबद्दल बोलायची सोयच नव्हती. ओतिलियाला कधीकधी वाटायचं, बरंच आहे ते.

"कुठलं बोलणं?" ती म्हणाली. "गुरांशी बोलतात तसं."

चेपितानं वाळत घातलेलं फडकं उचललं आणि ती आत गेली.

बुधवारी वर्गातून निघता निघता ओतिलियानं मायेलाला अडवून चार शब्द मागून घेतले होते. पूर्वी. लहान. दोर. आणि माफ कर: डावा तळवा उघडा ठेवायचा, त्यावरून उजव्या हाताची बोटं हळूच फिरवायची, फळी पुसावी तशी. "कुणाला सांगायचंय?" मायेलानं विचारलं होतं. ओतिलियानं ओठ दूर कुठेतरी वळवले, आणि मायेलानं पुढे विचारलं नाही. तेव्हापासून ती बोटं फिरवतच होती. टबाच्या काठावर, उशीवर, चुलीपाशी.

शनिवारी सकाळी योकास्ता आली. आर्लेनला झोळीत ठेवलं, केस वर बांधले, पानं पुसायला घेतली. लेक पुसायची, आई भरायची, लेक घडी घालायची, आई बांधायची. या कामात कधी भाषा लागलीच नव्हती.

झोळीतून मूठ बाहेर आली. उघड, मीट.

ओतिलियानं पीठ झटकलं, हात वर केला, अंगठा आत घेतला आणि नातीकडे बघून विचारलं: दूध?

आर्लेन पाय झाडत खिदळली. योकास्ताच्या हातातलं पान तसंच राहिलं. ती आईकडे बघत होती. एखादी खुर्ची उठून चालायला लागलेली बघावी तशी.

आता नाही तर कधीच नाही. ओतिलियानं बोट डाव्या मनगटाभोवती फिरवलं. पूर्ण गोल. आयुष्यात पहिल्यांदा तिनं लेकीला तिच्या नावानं हाक मारली.

योकास्तानं पान खाली ठेवलं.

पूर्वी, ओतिलिया हातांनी म्हणाली. तू. लहान. मी. मग 'दोर' आठवेना. बुधवारपासून घोकलेला शब्द ऐन वेळी गेला. तिनं टबातलं सोपट उचललं आणि नुसतं वर धरलं. त्यातून पाणी ठिबकत होतं. लेकीनं त्या पाण्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ओतिलियानं सोपट टाकलं, तळवा उघडला आणि त्यावरून बोटं फिरवली. घाईघाईनं, पुन्हा पुन्हा, फळी घासावी तशी.

योकास्तानं ॲप्रनला हात पुसले. पुढे येऊन आईचा उजवा हात धरला. बाहेर आलेला अंगठा आत दुमडला. बोटं सरळ केली, मनगट थोडं खाली दाबलं आणि तो हात आईच्याच तळव्यावरून एकदा फिरवून दाखवला. सावकाश. मग सोडला.

ओतिलियानं पुन्हा केलं. या वेळी बरोबर.

योकास्तानं मान डोलावली. ती मान जमलेल्या खुणेला होती की माफीला, हे नवशिक्या माणसाला कळणं शक्य नव्हतं.

मग लेक बोलायला लागली. ओतिलियानं तिला दुरून, मैत्रिणींत असं बोलताना पाहिलं होतं. समोर उभं राहून कधीच नाही. हात छातीवरून उठले, हवेत वळले, कपाळाशी गेले, खाली आले. भुवया, खांदे, सगळं अंग बोलत होतं. सत्तावीस वर्षांचं काहीतरी त्यात होतं, एवढं कळलं. त्यातले दोन शब्द ओतिलियाला ओळखू आले. लहान. आणि पाणी. बाकीचं नदीसारखं समोरून वाहून गेलं. राग होता? 'जाऊ दे' होतं? का दार उघडं होतं, तू का आली नाहीस, असं विचारणं होतं? 'सावकाश' कसं म्हणतात, 'परत सांग' कसं म्हणतात, हे ती अजून शिकली नव्हती. ती नुसती बघत राहिली, डोळे मोठे करून. पाच वर्षांची पोरगी तिच्या ओठांकडे बघायची, तशी.

योकास्ताला ते दिसलं. तिचे हात मधेच थांबले, क्षणभर तसेच अधांतरी राहिले आणि खाली आले.

तिनं झोळीतल्या पोरीला पाजायला घेतलं. चुलीवर पाण्याला आधण आलं. ओतिलिया लगबगीनं पुन्हा बांधायला बसली आणि मनातल्या मनात ते हात आठवू लागली, बुधवारी मायेलाला जसेच्या तसे करून दाखवायला. छातीवर सपाट पंजा, मग दोन बोटं वर, मग कपाळ. की कपाळ आधी? तिसऱ्या पुडीपर्यंत त्यातलं निम्मं निसटलं होतं.

चौथ्या पुडीचं सोपट तिनं आडवं-उभं घेतलं. एकटीनं बांधायचं तर मधली चौफुली दातानं धरावी लागते. ती वाकणार तेवढ्यात समोरून एक बोट आलं आणि चौफुलीवर टेकलं. कडेवर पोर घेऊन योकास्ता उभी होती. बाही वर सरकलेली. मनगट स्वच्छ, कोरं.

ओतिलियानं गाठ मारली. ओढताना हात आपोआप थांबला. त्या बोटाला रुतणार नाही, इतकीच सैल ठेवली. मग पुढची पुडी घेतली. बोट पुन्हा आलं.