राखेने घासलेली हेल्मेटची काच

मी एका हेल्मेटची जुनी काच आहे. मित्रांनो, सारे मला काच म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते. वस्तुतः माझा देह पारदर्शक प्लास्टिकचा आहे. कारखान्यातील तप्त साच्यातून मी बाहेर पडले, तेव्हापासून एकाच प्रश्नाने मला वेढले. माणसे इतर वस्तूंकडे पाहतात, माझ्यातून मात्र आरपार पाहतात. त्यांना पलीकडे दिसते तरी काय?

ते जाणण्याची संधी मला हिंदुरावांच्या मोटारसायकलीवर लाभली. ते खडकवासल्याजवळ राहत आणि पुण्यात लाकडाच्या वखारीत कामास जात. त्यांच्या पत्नी मुक्ताबाई यांचा भाऊ दुचाकीवरून पडून डोक्याच्या माराने दगावला होता. म्हणून हेल्मेटाशिवाय त्या हिंदुरावांना उंबरठा ओलांडू देत नसत.

माझे दिवस कुतूहलात जात. वेगात असताना पावसाचे थेंब खाली न ओघळता कडेला का पळतात? चिलटांना एवढ्या मोठ्या आकाशात नेमकी मीच कशी सापडते? थंडीत हिंदुरावांचा श्वास आतून माझ्यावर धुके का धरतो? वखारीचा भुसा माझ्यावर बसे, तेव्हा ते ओला रुमाल माझ्यावर जरा वेळ ठेवीत आणि मग अलगद टिपून घेत.

पुढे दसरा आला. वाहनाची पूजा व्हायची, म्हणून आदल्या दिवशी मुक्ताबाईंनी समया व तांब्ये चुलीच्या राखेने, काथ्या घेऊन लखलखीत केले. पतीच्या मस्तकाचे रक्षण करणारी मी मळकट कशी चालणार? त्यांनी मलाही त्याच राखेने, दुप्पट मायेने घासले. समया उजळल्या, माझ्या अंगावर मात्र बारीक ओरखड्यांचे जाळे पसरले. पूजेत मला हळदकुंकू लागले, झेंडूचे फूलही मिळाले. दिवसाच्या उजेडात कोणास काही उमगले नाही.

सायंकाळी दोघे सोने द्यायला नातलगांकडे निघाले. समोरून मोटारीचे दिवे आले आणि नवलच घडले! एकेका दिव्याच्या माझ्यात शेकडो सुया झाल्या. मी ती शोभा न्याहाळीत असतानाच हिंदुरावांनी करकचून ब्रेक दाबला. चाकापासून हातभर अंतरावर एक वृद्ध गृहस्थ उभे होते.

"अहो, डोक्याला टोप घातलात, डोळे घरी विसरलात का?" ते म्हणाले.

हिंदुरावांनी हेल्मेट काढले. "उद्यापासनं ह्ये नगं मला. आंधळ्यावानी होतंय."

मुक्ताबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दुसऱ्याच दिवशी पतीला ओढूनच हेल्मेटच्या दुकानात घेऊन आल्या. दुकानदार श्यामसुंदर यांनी मला दिव्यासमोर धरले.

"कशाने घासलीत?"

"राखेनं. काथ्यानं."

"वा! आता फोडणी तेवढी द्यायची राहिली." मग ते सौम्यपणे म्हणाले, "बाई, हे पितळ नव्हे. आधी भरपूर पाणी ओतायचं, धूळ सुटू द्यायची. साबणाचे दोन थेंब, मऊ सुती फडकं, आणि दाबायचं नाही. सावलीत वाळवा. ही काच आता बदलावीच लागेल."

"कशाला बदलायची?" हिंदुराव म्हणाले. "हेल्मेटच नगं म्हणतोय मी."

"काच मी बिघडवली, माझ्यावर चिडा," मुक्ताबाई म्हणाल्या, "पर माझा राग डोक्यावर काढू नगा. एक भाऊ घालवून बसलीय मी."

हिंदुरावांनी हेल्मेट दुकानदाराकडे सरकवले.

मला उतरवून नवी काच बसवली गेली. मुक्ताबाईंनी ती पुसायला पदर उचलला, त्याचा जरीकाठ पाहिला आणि पदर खाली सोडून मऊ फडके मागून घेतले.

श्यामसुंदरांनी मला दुकानातच ठेवले आहे. गिऱ्हाईक आले की ते मला दिव्यासमोर धरून त्याला पाहायला सांगतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला पाण्याने आणि हलक्या हाताने सांभाळा, एवढीच विनंती.

त्या दिवशी हिंदुरावांनी हेल्मेट चढवले तेव्हा इतक्या वर्षांत प्रथमच मी त्यांना बाहेरून पाहिले. नव्या काचेआड त्यांचे डोळे स्वच्छ दिसत होते.

"दिसतंय का?" मुक्ताबाईंनी विचारले.

"दिसतंय की. तू रडतीयास," ते म्हणाले, "बस मागं."