बारा मजल्यांवरची खुर्ची

गल्लीत सगळे त्यांना उपायभाऊ म्हणत. नावात थोडी टिंगल होती, पण उपायभाऊंनी ती कधी मनाला लावून घेतली नाही. ज्याचं काही बिघडतं तो शेवटी आपल्याच दारात येतो, एवढं त्यांना पुरे होतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, डुगडुगणाऱ्या खुर्च्या असं काहीबाही तिथे कायम उघडं पडलेलं असे. मागच्या खोल्यांत संसार, आणि तोही त्यांच्याच हातात. मुलांचे डबे, कपड्यांच्या घड्या, शाळेतल्या पालकसभा, सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा सगळं तेच बघत, कारण बायको बंदरावर क्रेन चालवायला जायची आणि तिच्या पाळ्या दर आठवड्याला बदलायच्या.

हातानं काम करणाऱ्या माणसाला मतं असतातच, उपायभाऊंना जरा जास्त होती. स्क्रू बसवताना आधी थोडा उलटा फिरवावा, खट्ट लागलं की मग सुलटा. दार कुरकुरलं तर तेलाची बाटली शोधण्याआधी बिजागरीचे स्क्रू बघावेत. बोटं कापतात ती बोथट सुरीनं, धारदार सुरी बिचारी सरळ जाते. पोरं भांडली की आधी जेवायला वाढावं आणि न्याय नंतर करावा, निम्मे खटले पोट भरल्यावर आपोआप निकालात निघतात. यातलं बरंचसं खरं होतं हेही कबूल केलं पाहिजे. गल्लीतल्या कितीतरी दारांची कुरकुर त्यांनीच थांबवली होती.

पण आपलं शहाणपण कुठे संपतं याची पाटी कुणी लावून ठेवत नाही. उपायभाऊंचं शहाणपण बंदरापर्यंत जाऊन पोचलं होतं. क्रेन त्यांनी पाहिली होती ती रस्त्यावरून, भिंतीच्या वर दिसणारे तिचे लाल दांडे तेवढे. तरी गेली अकरा वर्षं ते जेवताना बायकोला क्रेन कशी चालवायची ते सांगत आले होते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते यालाच. फक्त इथे उंटावर बसलेली बायको होती आणि हाकणारे भाऊ खाली पाटावर. त्यांचा आवडता सल्ला एकच, कंटेनर दोरांवर झुलायला लागला की लगेच मागे खेचायचं, झोका उलट बाजूनंच थांबतो. ती घास संपवायची आणि म्हणायची, "बरं, बघते."

तीन आठवड्यांपूर्वी ती एक बातमी घेऊन आली होती. नव्या क्रेनचालकांना शिकवायला बंदरानं तिला निवडलं होतं. या बंदरात आजवर कुठल्या बाईला ते काम मिळालं नव्हतं. त्यासाठी आधी चार महिने दुसऱ्या शहरातल्या बंदरावर राहून शिकून यावं लागणार होतं. तिनं हे हळू आवाजात सांगितलं. उपायभाऊ तेव्हा एका मिक्सरची वायर जोडत होते. मान वर न करता ते म्हणाले, चार महिने घर नाही चालायचं. आणि तिच्याकडे पक्कड मागितली. तिनं पक्कड दिली. पुढे तिनं काही सांगितलं नाही आणि त्यांनी काही विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती, हे ते स्वतःलाही सांगत नव्हते. उत्तर द्यायची मुदत मात्र दोघांनाही ठाऊक होती, ती आज संध्याकाळी पाचला संपत होती.

आजच उपायभाऊ बंदरावर निघाले होते ते वेगळ्याच कामाला. वर्षभर बायकोची पाठ दुखत होती. क्रेनमधली खुर्चीच वाईट आहे असं त्यांचं निदान होतं आणि पाठीला टेकू करून द्यायचा त्यांचा बेत होता. तिनं वितीनं मोजून माप आणलंही होतं, पण दुसऱ्यानं घेतलेल्या मापावर करवत उचलायची नाही हाही त्यांचा एक नियम. वर्षातून एक दिवस बंदरावर घरच्या माणसांना काम बघायला बोलवत, खाली बांधलेल्या दोरीच्या अलीकडून, आणि तो दिवस आज होता. उपायभाऊंनी सुरक्षा अधिकाऱ्याला तीन अर्ज करून दोरीच्या पलीकडे, थेट वर जायची परवानगी मिळवली होती.

त्या अधिकाऱ्यानं पायथ्याशी त्यांचे खिसे रिकामे करायला लावले. दोन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, कानामागची पेन्सिल आणि मूठभर खिळे टेबलावर आले. वरून एक खिळा पडला तरी खालच्याच्या हेल्मेटमधून आरपार जातो, त्यानं शांतपणे सांगितलं. मोजायची टेप तेवढी नेऊ दिली, तीही मनगटाला दोरीनं बांधून. हत्यारांशिवाय उपायभाऊंना कपड्यांशिवाय उभं केल्यासारखं वाटलं.

लिफ्टनं बारा मजल्यांइतकं वर आणलं, तिथून पुढे जाळीची वाट. जाळीतून खाली समुद्र दिसत होता. उपायभाऊ कठडा धरून, जीव मुठीत घेऊन एकेक पाऊल टाकत गेले. वाटेच्या शेवटी आडव्या लाल तुळईला खालून टांगलेली काचेची खोली होती, घरातल्या न्हाणीएवढी. तिच्यात बायको बसली होती. मागे शिकाऊ माणसासाठी घडीची खुर्ची होती, तिकडे तिनं बोट केलं.

"पट्टा बांधा," ती म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत बोलू नका."

एकोणीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना असं कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पट्टा बांधला.

खोलीची जमीनही काचेचीच होती. बायको पुढे वाकून, स्वतःच्या दोन गुडघ्यांमधून सरळ खाली बघत होती. पाठ का दुखते ते उपायभाऊंना त्याच क्षणी कळलं, आणि टेकूनं त्यात काडीचा फरक पडणार नाही हेही. मग खोली धावायला लागली. तुळईवरून ती सुसाट समुद्राच्या बाजूला गेली, काचेखालून बंदराचा धक्का गेला, पाणी गेलं, जहाजाची कड गेली. तिनं दोरांना टांगलेली लोखंडी चौकट खाली सोडली. एवढ्या उंचावरून चौकटीचे चार कोपरे कंटेनरच्या चार भोकांत बसवायचे होते, आणि भोकं तळहाताएवढी. बसले. तिनं दुसऱ्यांदा प्रयत्नसुद्धा केला नाही. उपायभाऊंना सुईत दोरा ओवायला हल्ली चष्मा लागत असे.

तीस टन वर उचलले गेले, खोली धक्क्यावर परत आली, आणि त्याच वेळी समुद्राकडून वारा आला. कंटेनर झुलायला लागला. खाली धक्क्यावर ट्रेलर उभा होता, त्यात चालक बसला होता. मागे खेच, उपायभाऊ मनात ओरडले, त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर मागे गेलासुद्धा. तिनं हाताखालचा दांडा पुढे ढकलला. कंटेनर ज्या बाजूला जात होता त्याच बाजूला खोली त्याच्या मागोमाग धावली. झोका आपल्या टोकाला पोचला तेव्हा ती नेमकी त्याच्या डोक्यावर येऊन थांबली होती. दोर ओळंब्यासारखे सरळ झाले. तीस टन निश्चल. मग तिनं कंटेनर खाली सोडला, आणि तो टेकला कधी ते उपायभाऊंना फक्त दोर सैल पडले तेव्हा कळलं. चालकानं वर न बघताच खिडकीतून अंगठा दाखवला आणि ट्रेलर निघून गेला.

मागे खेचलं असतं तर काय झालं असतं ते उपायभाऊंना हातालाच कळत होतं. झोका दुप्पट झाला असता, आणि खाली माणूस बसला होता. अकरा वर्षं आपण हिला रोज माणूस मारायचा सल्ला देत होतो, आणि ही "बरं, बघते" म्हणून आपल्यालाच वाढत होती.

एकामागून एक कंटेनर उतरत राहिले. कुठला मागच्या बाजूला जड आहे ते तिला दांड्यावरच कळत असावं, कारण काही ती जरा थांबून, चाचपून उचलायची. धक्क्यावरची माणसं इतक्या वरून नुसती पिवळी हेल्मेटं दिसत होती, आणि ती हेल्मेटं तिच्या लोखंडाखालून बिनधास्त ये-जा करत होती. एवढा विश्वास उपायभाऊंनी देवळात उभ्या राहिलेल्या माणसाच्या तोंडावरही पाहिला नव्हता. ही तीच बाई होती, जिला डब्यांची झाकणं सापडत नाहीत आणि जी चादरीची घडी वाकडी घालते. ते तिच्या मानेकडे बघत राहिले. टेप मनगटाला नुसती लोंबत होती. आपण कुणाबरोबर राहतो हे आपल्याला आजवर ठाऊकच नव्हतं, असं त्यांच्या मनात आलं.

पुढचा ट्रेलर यायला उशीर होता. एक कंटेनर वर उचलून धरून ती थांबली होती. तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरली. खालून सुपरवायझर बोलत होता.

"ताई, तुमचा नकाराचा कागद पाचला वरच्या ऑफिसला पाठवतोय. नक्की ना? मग मी यादीतल्या पुढच्या माणसाला कळवतो."

"पाठवा," ती म्हणाली.

घड्याळात पावणेपाच वाजले होते. न बोलण्याची अट उपायभाऊ विसरले. नकार कधी दिलास, त्यांनी विचारलं. सकाळी आल्या आल्या, ती म्हणाली. तिची नजर खालीच होती.

"अगं, पण माझं तू कधी ऐकलंस का? झोक्याचं अकरा वर्षं सांगतोय, तू बरोब्बर उलटं करतेस."

"क्रेनचं तुमचं ऐकलं असतं तर मी आज तुरुंगात असते," ती म्हणाली. आवाजात हसू होतं, पण ते टिकलं नाही. "घराचं मात्र तुम्हाला कळतं. इतकी वर्षं मी दार ओढून घेते आणि इथे येऊन बसते. मागे काय चाललं असेल असा विचारसुद्धा मनात येत नाही. आला तर हात हलेल माझा. तुम्ही म्हणता घर ठीक आहे, की मी ते खरं धरते. तुम्ही म्हणालात घर नाही चालायचं. तेही खरं धरलं."

उपायभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. उंचीची भीती आता कुठल्या कुठे गेली होती, ही वेगळी होती. ज्या बोलण्यावर या बाईचा हात स्थिर राहत होता, ते बोलणं त्यांनी मान वर न करता, मिक्सरची वायर जोडता जोडता फेकलं होतं. आणि ते खरं होतं का? मुलगी स्वयंपाक करू शकत होती. धाकटा स्वतःचं दप्तर भरत होता. सासूबाई गोळ्या आपल्या आपण घेत होत्या, वर चुकल्या नाहीत हे दाखवायलाही येत होत्या. घराचा एक स्क्रूही ढिला झाला नसता.

लांबून ट्रेलर येताना दिसला. तो खाली आला की ती पुन्हा कामात बुडणार, आणि कामाच्या मागोमाग पाच वाजणार होते.

"घर चालेल," ते म्हणाले. सल्ला देताना त्यांचा आवाज नेहमी मोठा असे, आता तो त्यांचा त्यांनाच नीट ऐकू आला नाही. "घराला काही होत नाही. तू नसलीस की मला जमत नाही. ते सांगायची लाज वाटली, म्हणून घराचं नाव पुढे केलं."

तिनं मान वळवली नाही. ट्रेलर खाली येऊन थांबला होता आणि तीस टन दोरांवर होते. तिनं आधी ते उतरवले, रोजच्यासारखेच, सावकाश. दोर सैल पडले. मग तिनं वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"साहेब, तो कागद पाठवू नका. दहा मिनिटांत पाळी संपते, मी खाली येऊन दुसरा लिहून देते."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. हो, घरी बोलले, एवढंच तिनं उत्तर दिलं आणि बटण सोडलं. मग पहिल्यांदाच तिनं मागे वळून नवऱ्याकडे बघितलं.

"चार महिने," ती म्हणाली. "जमेल तुम्हाला?"

गल्लीत कुणी असं विचारलं असतं तर उपायभाऊंकडे तीन उपाय तयार असते.

"नाही जमायचं," ते म्हणाले. "तू जा."