माझी घरघर आणि ताईंची बावीस गाणी

मी बोलतोय. मधूनमधून घरघर ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या. मी एक जुना संगणक. वय झालं की प्रत्येकाचं काही ना काही वाजतंच. माझा पंखा वाजतो.

माझी उमेदीची वर्षं एका वकिलाच्या टेबलाखाली गेली. दिवसभर नोटिसा टाइप व्हायच्या. माणसं एकमेकांना लिहितात ती फक्त भांडायला, अशी माझी पक्की समजूत झाली होती. पुढे वकिलांनी नवा संगणक आणला आणि त्यांच्याकडे गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरला म्हणाले, "हा नेतोस का?" प्लंबर कशालाच नाही म्हणत नाही. मी स्कूटरवर बसून त्याच्या घरी आलो आणि दीड वर्षं माझ्यावर इस्त्रीचे कपडे राहिले.

मग एका बुधवारी प्लंबरची थोरली बहीण आली. त्या बालवाडीत शिकवतात. सगळे त्यांना ताईच म्हणतात. हात धुण्यापासून बुटाची नाडी बांधण्यापर्यंत प्रत्येक कामाचं त्यांचं स्वतःचं गाणं आहे. अशी बावीस. त्याशिवाय ती पोरं जागची हलत नाहीत.

ताई पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "घशात गाठ निघालीय. सोमवारी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, आवाज येईल, पण हाच येईल असं नाही."



"मला माझं काही नाही रे," त्या म्हणाल्या, "पण माझ्या जागी येणाऱ्या बाईंना गाता येत नाही. पोरं हात कशी धुणार?"

प्लंबर उठला, माझ्यावरचे कपडे उचलून पलंगावर टाकले आणि म्हणाला, "घरातच रेकॉर्डिंग करू. आहे काय त्यात."

त्यात काय आहे, ते पुढचे तीन दिवस कळत होतं. ओळखीच्या एका वादकाकडून माइक आला, हेडफोन आला आणि माइकचा आवाज माझ्यापर्यंत पोचवणारी एक डबी आली. प्लंबरने सगळ्या वायरी पाइप जोडाव्यात तशा जोडल्या. मी त्या डबीला ओळखच दाखवली नाही. मुद्दाम नव्हे, कुणी ओळखच करून दिली नव्हती. शेवटी त्याच्या बायकोने डबीसोबतचा कागद वाचला आणि तिला चालवणारा प्रोग्रॅम माझ्यात घातला. आमचं लगेच जुळलं.

ताई गाऊ लागल्या आणि दुसऱ्या ओळीला थांबल्या. "माझ्यामागून कोण गातंय?"

त्यांचाच आवाज माझ्यातून फिरून हेडफोनमध्ये उशिरा पोचत होता. त्या त्याच्यासाठी थांबायच्या, तो आणखी मागे राहायचा. नाडीचं गाणं इतकं लांबलं, की तेवढ्यात चप्पलही शिवून झाली असती. बायकोने सेटिंगमधला एक आकडा कमी केला, तेव्हा ताईंना ताई सापडल्या.

मग ऐकून पाहिलं. गाणं ठीक होतं, पण मागे जातं फिरत होतं. जातं म्हणजे मी.

मी खजील झालो. पंखा थांबवणं माझ्या हातात नाही. थांबवला तर मीच तापून बंद पडेन. मला गोधडीत गुंडाळावं असं प्लंबरने सुचवलं. बायको म्हणाली, "सोमवारी दोघांचं ऑपरेशन करायचंय का?"

प्लंबर भिंतीकडे बघू लागला. त्याला भिंत दिसली की भोक दिसतं. बायको शिवणाच्या खोलीतून धावत येईपर्यंत ड्रिल आरपार गेलं होतं. तिने भोकाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "आता पाइपही घाल, म्हणजे शोभेल." त्याने खरंच घातला. वायरी त्यातून ओवल्या. मी स्वयंपाकघरात गेलो, ताई माइकसमोर राहिल्या. गोधड्या भिंतींवर टांगल्या गेल्या, आणि 'प' म्हटलं की माइकवर फुंकर बसते म्हणून बायकोने कशिद्याच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून समोर बांधला.

रविवारी ताई गायल्या.

*बुटा बुटा, तोंड मीट,*
*नाडी म्हणते, बांध नीट.*

बाविसावं गाणं घरी जाण्याचं होतं. ते त्या पहिल्याच झटक्यात गायल्या आणि हेडफोन काढून बराच वेळ हातात धरून बसल्या. प्लंबर पाइपाला तोंड लावून म्हणाला, "ताई, झालं का?" मग तो उठून आत गेला.

ऑपरेशन नीट झालं. तीन आठवडे ताई पाटीवर लिहून बोलल्या. बालवाडीत माझी बावीस गाणी वाजली. पोरांनी हात धुतले, फक्त नव्या बाईंना विचारलं, ताई दिसत का नाहीत, त्या लपल्यात का?

आज ताई आल्यात. आवाज खाली उतरलाय, जाडसर झालाय. वरची पट्टी त्यांना लागत नाही. पोरांना ओळखू येईल का, याची त्यांना धास्ती आहे. म्हणून आधी मला ऐकवणार आहेत.

जाताजाता एक सांगतो, स्वतःच्याच पोटावर पाय देऊन. तुमच्या घरात कुणी गुणगुणत असेल, तर माझ्यासाठी, डबीसाठी, भिंतीतल्या भोकासाठी थांबू नका. हाताशी असेल तो मोबाइल समोर धरा.

पलीकडे ताई खाकरल्या. बायकोने रेकॉर्डिंगचं बटण दाबलंय. तेविसावं गाणं आहे. आता मला ऐकू द्या.